बाटलीतले जिवाणू आणि कशावरून काका

आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'कशावरून काका' म्हणत. दूध म्हशीचंच आहे असं दूधवाला म्हणाला, की काका पातेलं खाली ठेवून विचारत, "कशावरून?" परभणीच्या कृषी विद्यापीठात, जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत त्यांची उमर गेली होती. पाकिटावर लिहिलेलं पाकिटात असतंच, यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

एकदा पाथरीच्या शाळेतून परभणीला परतताना आम्हा शिक्षकांची जीप उलटली. मला फक्त खरचटलं. पण पुढे नुसता हॉर्न वाजला तरी छाती धडधडायची. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तेवढ्यात ओळखीच्या एका बाईंनी 'मातीतल्या जिवाणूंचं' औषध आणलं. रोज दोन चमचे, मन शांत! मी परस्पर गोळ्या सोडल्या आणि थोड्याच दिवसांत माझी झोप उडाली.

काकांनी बाटली उजेडात धरली. "कोणता जिवाणू? जित्ता हाय का मेलेला? नावबी न्हाई. आन् तू पिऊन मोकळी झालीस?" त्यांनी आधी मला डॉक्टरांकडे नेलं, मग बाटली तपासायला आपल्या जुन्या प्रयोगशाळेत. चार दिवसांनी म्हणाले, "एकबी जिवाणू उगवला न्हाई. नुसतं गोड पाणी."

आता हे मातीचं नावही काढू देणार नाहीत, असं मला वाटलं. पण त्यांनीच मला त्यांच्या घरामागच्या वाफ्यात बोलावलं. "मातीतला एक जिवाणू दिला तर उंदरं कमी भितात, असं दिसलंय. माणसांवर अजून बघायलेत. तू मेथी खुरपायला म्हणून ये." फुकटची मजूर हवी असेल, असा मलाच त्यांचा संशय आला. तरी रोज संध्याकाळी गेले.

दुसऱ्या खेपेची मेथी उपटायला आली तेव्हा रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला आणि माझा हात थांबला नाही. मी ओरडले, "काका, मातीचा गुण आला!"

"गोळ्या चालू हायेत. झोप लागायली. रोज बोलायला माणूस हाय. मातीनंच झालं म्हणून सांगत फिरू नको."

मागच्या वर्षी मुलीनं त्यांना पुण्याला नेलं, तिसऱ्या मजल्यावर. सहा महिन्यांनी तिचा फोन आला, काका गेले. शेवटी दवाखान्यात फार घाबरायचे, म्हणाली. एकदा त्यांनी ओंजळभर ओली माती मागितली. नर्सनं आत आणू दिली नाही.

मातीचा उपयोग होईल असं त्यांना वाटलं होतं, की नुसती घरची आठवण आली होती? फोन ठेवल्यावर मी काकांच्या घरामागे गेले आणि मीच पाणी घालत आलेल्या त्या ओल्या वाफ्यात कितीतरी वेळ हात खुपसून बसले.