फेट्याचं फाटलेलं टोक

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझे पाय शिवशिवायला लागतात. नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले, काही आणता आले नाहीत. पण अख्खा तपास पायी चालत केला तो हा एकच. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यांची मुलं-नातवंडं अजून त्याच भागात नांदत आहेत.

चाळीसचं दशक संपत आलं होतं. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती आणि कुंडलच्या बाजूच्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार म्हणून रुजू झालो होतो. ठाणं कसलं! कौलारू दोन खोल्या, एक कोठडी आणि पुढं लिंबाचं झाड. मला एका जागी बसायचा मनस्वी कंटाळा. आमचे हवालदार म्हणायचे, "साहेब, खुर्चीला खिळे आहेत का?" ते वयानं वडील, खात्यात मुरलेले, मूळचे वाईकडचे, म्हणून मी ऐकून घ्यायचो.

लग्नसराई सुरू झाली होती आणि गुऱ्हाळं आटोपत आली होती. एका सकाळी वर्दी आली, की गुऱ्हाळाच्या राखणदाराला रात्री कुणीतरी डोक्यात दांडकं घातलं आणि गुळाच्या ढेपा पळवल्या. मी पोचलो तेव्हा राखणदार बेशुद्ध होता. त्याला मिरजेच्या दवाखान्यात रवाना केलं, जागेचा पंचनामा केला, शेजारच्या वस्तीवरचे जबाब घेतले. कुणी काही पाहिलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत खबर मात्र चालत ठाण्यात आली. गुऱ्हाळमालकाचा मेहुणा आपण होऊन येऊन बाकावर टेकला.

"सायेब, उगा हितं-तितं हुडकू नका. त्यो मिल्ट्रीतनं आलेला गडी हाय न्हवं? भणीच्या लग्नात त्येनं ह्याच राखणदाराचं नरडं धरलं व्हतं. समद्या गावानं बघितलंय. आन् तवापास्नं त्यो गावात न्हाई."

खबर खरी होती. लढाईवर जाऊन आलेला एक जवान होता. पाच-सहा दिवसांमागं त्याच्या बहिणीचं लग्न झालं होतं. अक्षता पडताना राखणदारानं हौसेनं मांडवाबाहेर दारूचे बार उडवले. पहिला बार होताच हा जवान भर मांडवात पालथा पडला, आणि उठला तो सरळ राखणदाराच्या नरड्यालाच जाऊन भिडला. लोकांनी सोडवासोडव केली. मग आहेर झाले, नवऱ्याकडच्यांनी त्यालाही डाळिंबी रंगाचा नवाकोरा फेटा बांधला. पण पंगतीतून तो जो उठला तो गावाबाहेरच गेला.

आम्ही शोधाशोध करतोय तोवर तीन-चार दिवसांनी तो स्वतःच चालत गावात शिरला. शिपायांनी त्याला वेशीतच धरला. गुडघ्यापर्यंत धूळ, ओठ फुटलेले, आणि फेट्याचं एक टोक टरकावलेलं. वरिष्ठांनी फेटा पाहिला आणि निकालच दिला. राखणदाराशी झटापट झाली, त्यात फाटला. भांडण होतं, परागंदा झाला होता, फेटा फाटलेला होता. आणखी काय पाहिजे?

मी त्याला समोर उभा केला.

"लग्नातून उठून कुठं गेलास?"

"चालाय."

"कुणाकडं?"

"कुणाकडं न्हाई."

"मग कशाला?"

"असंच."

मी टेबलावर हात आपटला. "अरे, जबाबात मी 'असंच' लिहू का?"

आपल्याकडं माणूस चालतो तो कामानं. बाजाराला, सोयऱ्याकडं, देवाला, नाहीतर कोर्टाच्या तारखेला. बिनकामाचा चालतो तो एक चोर, नाहीतर वेडा, असंच खात्यात शिकवलेलं होतं. फेटा कसा फाटला म्हणून विचारलं, तर त्यानं नुसती मान हलवली. कोठडीचं दार लागलं की त्याची वाचाच बसायची. दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत त्याच्या सारख्या फेऱ्या चालायच्या. अंगावरचा सदरा घामानं भिजून जायचा. बाहेर खुर्चीत बसून मी ते ऐकत राहायचो आणि माझाही जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

त्याची बायको रोज भाकरी घेऊन यायची आणि लिंबाखाली उभी राहायची. एकदा तिनं मला अडवलंच.

"आवं सायेब, पायजे तर मारा त्यांला, पर दार लावू नगासा. आन् खरं सांगा, फाशी हुईल व्हय?"

राखणदार अजून शुद्धीवर आला नव्हता. खुनाच्या प्रयत्नाच्या कलम तीनशे सातचं खुनाचं तीनशे दोन व्हायला मिरजेहून एक तार पुरे होती.

त्या दुपारी मी त्याला कोठडीतून काढून लिंबाखाली आणला आणि विचारलं, "कुठल्या गावांवरनं गेलास, तेवढं तरी सांग."

"नावं न्हाईत ठावं, सायेब." उघड्यावर आल्यावर त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "पर वाट ठावं हाय."

मी तिथंच ठरवलं. न्यायालयातून त्याची कोठडी वाढवून घेतली आणि वरिष्ठांपुढं उभा राहिलो. ते म्हणाले, "तुम्हाला फौजदार नेमलंय, वाटाड्या नव्हे." पण शेवटी त्यांनी परवानगी दिली. हवालदार, दोरी धरायला एक शिपाई, मी आणि तो, असे आम्ही निघालो.

पहिल्यांदा उसाचे फड, पाटाचं पाणी आणि बांधावरच्या निसरड्या वाटा. मग चढ लागला आणि सगळा मुलूखच पालटला. मुरमाड माळ, सदऱ्यात घुसणारी कुसळं, लांबवर एखादी बाभळ आणि तिच्या तुकडाभर सावलीत दाटीवाटीनं उभी मेंढरं. वडूजच्या अलीकडं ज्वारीची धसकटं बुटाच्या तळव्याला टोचायची. दर वस्तीवर मी विचारायचो, "ह्या माणसाला पाहिलंत का? डाळिंबी फेटा होता." लोक हसायचे. एक जण म्हणाला, "सायेब, लग्नसराईत फेटंवालं ढिगानं जात्यात. कोन ध्यानात ठेवतंय?"

त्याचं खरंच होतं. शिवाय हा गडी गावं टाळत, माळावरच पडत गेला होता. साक्षीदार कुठून मिळणार? वडूजच्या ठाण्यात मी आधी तारेची चौकशी केली. तार नव्हती. मला जेवण जाईना. हवालदार भाकरी कुस्करत म्हणाले, "तार नाही म्हणजे तो जिवंत आहे, साहेब. तुम्ही का उपाशी मरताय?"

एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरत होती. मुलूख जसजसा मोकळा होत गेला, तसतसा तो माणसात येत गेला. कुठं झरा आहे, कुठली वाट फसवी आहे, हे तो आधी सांगायचा आणि ते तसंच निघायचं. पण पोलिसाच्या मनाला चैन कुठली? वाट त्याला माहीत होती हे खरं. पण ती याच खेपेला चालला होता कशावरून? एका टेकाडावर टेकलो असताना तो आपणच बोलला.

"कानात बार ऱ्हातो, सायेब. लढाईत खंदकात गाडला गेल्तो, तवापास्नं. त्यो उतरंस्तवर चालतो. घरात बसलो तर कुणाच्या तरी अंगावर जाईन, ह्येचं भ्या वाटतं."

"मग ठाण्यात का नाही सांगितलंस हे?"

"बार उडीवला म्हनून मानसाचं नरडं धरलं, ह्ये कुटल्या तोंडानं सांगू?"

मला त्याचं वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून पुरावा होत नाही. पुढं डोंगर जवळ आले, गावाकडं मागं सोडलेली कृष्णा पुन्हा भेटली, वाईची आमराई लागली. पाचगणीचा घाट समोर उभा राहिला. मोटाररस्ता वळणं घेत वर जातो. जुनी पाऊलवाट त्याला सोडून झाडीतून उभी चढते. आम्ही पाऊलवाट धरली. कोठडीची मुदत संपत आली होती, हातात काही नव्हतं आणि माझ्या पायांत गोळे आले होते.

वाटेवर एक जुनं हिरड्याचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला, फांद्यांना असंख्य चिंध्या बांधलेल्या, उन्हानं विटलेल्या. खाली शेंदूर फासलेला दगड. ही चिंध्यादेवी. घाट चढणारानं अंगावरच्या कपड्याची एक चिंधी तिला बांधायची, ही त्या बाजूची रीत. हवालदारांनी न बोलता आपल्या रुमालाची कड फाडली, फांदीला गाठ मारली आणि ते पुढं झाले. मी वैतागून म्हणालो, "चला, चला, वेळ नाही."

आरोपी जागचा हलेना. दोरी ताणली गेली.

"काय रे?"

"सायेब, तुमची ऱ्हायली. तुमी बांधा."

"आणि तुझी नको का?"

"माजी हाय की. मागल्या बारीला बांधलेली. ती काय तितं."

मी त्याच्या बोटाकडं पाहिलं. त्या सगळ्या विटक्या चिंध्यांत एक डाळिंबी चिंधी होती. रंग अजून ताजा, कापडाची खळसुद्धा मोडलेली नव्हती.

मी मनाशी दिवस मोजले. फेटा मिळाला लग्नाच्या दिवशी. लग्न ते अटक एवढ्या अवधीत पायी इथवर यायचं आणि पायीच परत जायचं, म्हणजे सगळे दिवस वाटेतच खर्ची पडणार. ते माझ्याच पायांनी मोजून झालं होतं. राखणदाराला मारलं ती रात्र त्या जाण्यायेण्याच्या अगदी मधोमध पडत होती. मोटारीनं आला म्हणावं, तर वेशीत धरला तेव्हाची ती गुडघ्यापर्यंतची धूळ आणि फुटलेले ओठ मोटारीतल्या माणसाचे नव्हते.

"अरे शहाण्या, हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलोच.

त्याला खरोखर नवल वाटलं. "चिंदी बांदली ह्ये काय सांगायचं असतंय व्हय, सायेब? समदीच बांदत्यात."

मग मी सहज विचारलं, "इथून वर पाचगणीला गेलास का?"

"न्हाई. बार उतरला व्हता. गाठ मारली आन् घरची सय आली. हितनंच माघारी वळलो."

खालच्या वाडीतून दोन पंच आणवले. चिंधी सोडायची म्हटल्यावर त्यातला म्हातारा हटून बसला. "देवीची बांदलेली सोडत न्हाईत, सायेब." मी त्याला शब्द दिला, की काम झालं की मीच आणून बांधीन. तेव्हा कुठं त्यानं पंचनाम्यावर अंगठा दिला.

ठाण्यावर परतल्यावर पेटीतला फेटा काढला आणि पंचांसमक्ष फाटलेलं टोक चिंधीशी लावलं. धाग्याला धागा मिळाला. वरिष्ठ म्हणाले, "सोडा त्याला."

पुढचा तपास आपसूक सरकला. या जवानाकडं बोट कुणी दाखवलं होतं, तिथूनच पुन्हा सुरुवात केली. मेहुण्याच्या कडब्याच्या गंजीत गुळाच्या ढेपा निघाल्या. आठवडाभरानं राखणदार शुद्धीवर आला आणि त्यानंही तेच नाव घेतलं.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. मेहुण्याकडं विचारायच्या आधीच उत्तर तयार होतं आणि या जवानाकडं 'असंच'शिवाय काही नव्हतं. तेव्हापासून ज्याचं उत्तर तयार असतं, त्याच्याकडं मी जरा जास्त वेळ बघत आलो. आणि बोलता न येणाऱ्या माणसाला कोठडीबाहेर काढून त्याच्याबरोबर चार पावलं चाललो. एवढ्यानं पुष्कळ कामं झाली.

पण मला खरा धडा दिला तो त्याच्या बायकोनं. मुद्देमाल परत द्यायच्या दिवशी दोघं ठाण्यात आली. मी फेटा त्याच्या हातात दिला आणि म्हाताऱ्या पंचाला दिलेला शब्द विसरून चिंधी तिच्यापुढं धरली. म्हणालो, "ही जपून ठेवा बाई. हिनंच यांना वाचवलं. एवढ्या लांब गेले होते, हे हिनंच सांगितलं."

तिनं ती हातात घेतली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तुमाला दिसलं, येवड्या लांब गेल्तं. मला दिसतंय, येवड्या लांबनं माघारी आलं. दर बारीला वाटतं सायेब, गेलं त्ये गेलंच." पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "ती हितं नगं. हुती तितंच बांदा. न्हाई तर फुडल्या बारीला कुटनं माघारी वळायचं त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला आणि वाई गाठली. तिथून पाऊलवाटेनं घाट चढलो. डाळिंबी चिंधी होती त्याच फांदीला बांधली, चांगली दुहेरी गाठ मारून. मग माझ्या धोतराची कड फाडली.