बेटावर राहिलेली सवारी

आमच्या सगळ्या गोतावळ्यात मी आता 'बायकोला बेटावर सोडून आलेला माणूस' म्हणून ओळखला जातो. उमरीच्या मेहुण्यापासून मुरुडच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी ती थोडी थोडी वाढत गेली आहे. मेहुण्याच्या सांगण्यात तर मी तिला एक रात्र तिथंच ठेवलं. तसं काही नाही. पाऊण तासाचा मामला होता. पण तो मीच सांगितलेला बरा, कारण चूक माझी होती आणि ती कशी झाली हे माझ्याशिवाय कुणाला नीट सांगता येत नाही.

मी बत्तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होतो. आधी कंधारला, मग नांदेडला. आमच्या घरात सरकारी खाकी अंगावर घालणारा पहिला माणूस मी. वडील जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशी सकाळी ते मला विहारात घेऊन गेले, मेणबत्ती लावली आणि म्हणाले, "आपल्या माणसाकडं लोक दुप्पट डोळ्यांनी बघतेत. एक पाऊल वाकडं पडू दिऊ नको." ते वाक्य मी इतकं मनावर घेतलं की ड्यूटीवर मला सख्खा भाऊसुद्धा सवारीच दिसायचा.

लग्नानंतर बायको पहिल्यांदा माहेरी, देगलूरला निघाली, ती नेमकी माझ्याच गाडीनं. नवी साडी, हातात कुटुंबाचा पास. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून तिनं जागा धरली होती. कुणासाठी, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी गेलो, पास बघितला, "पुढं सरका" म्हणालो, आणि पिशवी तिच्या मांडीवर देऊन त्या जागेवर एका म्हातारबाबाला बसवलं. देगलूर येईपर्यंत तिच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. ही हकिकत तिनं पुढची तीस वर्षं, हळदीकुंकू सोडून सगळ्या कार्यक्रमांत सांगितली. "नवऱ्यानं गाडीत मला पहिल्यांदा काय म्हणलं असंल? पुढं सरका!"

मी रिटायर झालो तेव्हा लेकीनं आमची अंदमानची टूर ठरवली. टूरवाला लातूरचा, सोबतची माणसंही लातूर-नांदेडचीच, आम्ही दोघं धरून चौदा. मी नाही-नाही म्हणत होतो, पण बायको लगेच तयार झाली. तिनं एकच अट घातली.

"बेट-बिट मला कळत न्हाई," ती म्हणाली. "पर येक दिवस तरी माझ्या शेजारी बसा. उठायचं न्हाई, हिंडायचं न्हाई, कुनाला सरका म्हणायचं न्हाई. नुस्तं बसायचं."

मी हाव म्हणालो. बसण्यात काय अवघड आहे, असं तेव्हा वाटलं.

हैदराबादपर्यंत रेल्वे आणि पुढं विमान. विमानात मी खरोखर शेजारी बसलो, पण ती म्हणाली की हे धरायचं नाही, इथं पट्ट्यानं बांधून ठेवतात. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला बोटीनं एका छोट्या बेटावर नेलं. तिथं दिवसभरात चार व्ह्यू पॉइंट बघायचे आणि शेवटच्या बोटीनं परत यायचं, असा बेत. धक्क्यावर एक व्हॅन उभी होती, आणि व्हॅनपाशी आमची गाईड. पन्नाशीची बंगाली बाई, डोक्यावर गवती टोपी, हातात लाल छत्री. ती छत्री वर धरायची आणि आम्ही तिच्यामागं चालायचं.

पहिला पॉइंट एका कड्यावर होता. केवड्याच्या बनातून पायवाट चढून वर गेलो आणि एकदम समोर नुसतं पाणी. काठाजवळ ते इतकं नितळ होतं की खालचे दगड मोजता येत होते, पुढं हिरवं, त्याच्या पुढं मोरपंखी, आणि पार लांब काळंनिळं. मध्ये दोन चिमुकली बेटं, झाडांनी गच्च भरलेली. लातूरच्या एक रिटायर्ड बाई होत्या, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी पोरांना बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असं शिकवलं. माझं मलाच खरं वाटत नव्हतं." माझ्या बायकोनं पदर खोचला, दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि मोठ्यानं हसली. कशाला हसली ते तिलाही सांगता आलं नाही. मलाही हसू आलं. इतका आनंद मला फार दिवसांनी झाला होता.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. व्हॅन पुन्हा सुरू झाली आणि माझं अंग बसेना. रस्ता घाटाचा, वळणावळणाचा. दाराची कडी नीट लागली नव्हती, ती लावायला म्हणून मी उठलो. उठलोच आहे तर एका काकांची पिशवी वर ठेवली. मग दारापाशी दांडी धरून उभाच राहिलो. वळणावर अंग कसं सोडायचं हे पायांना अजून ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. मागून बायकोचा आवाज आला, "अहो, सीट टोचून ऱ्हायली का तुमाला?" सगळी गाडी हसली. मी जाऊन बसलो. दोन वळणं झाली आणि परत उठलो.

गाईडबाईला मात्र मी पसंत पडलो. तिचा घसा बसला होता. प्रत्येक ठिकाणी माणसं मोजायची आणि हाका मारायच्या हे तिच्यानं होत नव्हतं. "दादा, आप गिन लिया करो," ती म्हणाली. मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. बायकोनं फक्त माझ्याकडं एकदा बघितलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसरा पॉइंट टेकडीवर होता. दीडशे पायऱ्या, आणि वर पत्र्याचं छप्पर घातलेला कट्टा. पायऱ्यांच्या तोंडाशी एक बाई शहाळी विकत बसली होती. ती आपल्या मुलीला काहीतरी बोलली आणि बायकोचे कान टवकारले. तेलुगू! देगलूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला तेलुगू म्हणजे दुसरं घरच. "अक्का" म्हणून तिनं हाक मारली, आणि दोघींचं असं काही जुळलं की मी वर जाऊन, समुद्र बघून, खाली आलो तरी त्यांचं बोलणं सुरूच. "तुमी व्हा म्होरं, मी आलेच," ती म्हणाली. पिशवी आधीच व्हॅनमध्ये होती.

मी दारात उभा राहिलो. एकेक माणूस चढू लागलं. "सावकाश, पायरी बघा. मागं सरका, मागं जागा आहे." नऊ, दहा, अकरा, बारा. हिशेब जुळला. मी पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि गाडी निघाली.

तिसरा पॉइंट वीस मिनिटांवर होता. सगळा वेळ मी दारातच उभा. गाडी थांबली, मी दार उघडलं आणि एकेकाला हात देऊन उतरवलं. बारा माणसं उतरली. आता बायको येईल म्हणून मी आत बघितलं. आमच्या सीटवर तिची पिशवी होती, आणि पिशवीच्या शेजारी कुणी नव्हतं.

मी खाली वाकून सीटखालीसुद्धा बघितलं, म्हणजे माणूस किती बावचळतो बघा. फोन लावला तर तो पिशवीतच वाजला.

"दादा, गिनती में कितने थे?" गाईडबाईनं विचारलं.

"बारह."

"बारह क्यों? आप लोग तो चौदह हैं."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बत्तीस वर्षं मी गाडीतली माणसं मोजली ती तिकिटाची. स्टाफ मोजायचा नाही, घरचे पासवाले मोजायचे नाहीत. मी स्वतः स्टाफ आणि बायको पासवर, म्हणून सकाळीच माझ्या डोक्यात गाडीचा आकडा बारा असा बसला होता. कुणी सांगितला नव्हता, मी ठरवलाही नव्हता. बायकोला मी मोजलंच नव्हतं. त्या दिवशीच नाही, कधीच नव्हतं.

हे मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे बायको तुम्ही फुकटात धरली होती!" आणि बारा माणसं पोट धरून हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण डोळा घड्याळाकडं होता. परका मुलूख, पाण्यानं वेढलेला, शेवटची बोट साडेपाचची, आणि तिच्याजवळ ना फोन ना पैसा.

बाकीचे तिथंच थांबले आणि मी ड्रायव्हरबरोबर उलटा निघालो. रिकाम्या व्हॅनमध्ये मी एकटा. ड्रायव्हर म्हणाला, बैठ जाओ. मला बसवेना. एवढ्या वेळात मी तिला काय म्हणायचं ते दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा बदललं.

ती शहाळीवालीच्या बाकड्यावर बसलेली होती. हातात ओल्या खोबऱ्याचा तुकडा, समोर ती बाई, मधे तिची पोरगी, आणि तिघी खदखदून हसत होत्या. मला बघून शहाळीवाली तिला तेलुगूत काही म्हणाली आणि त्या आणखी हसल्या. पुढं कधीतरी बायकोनं सांगितलं, ती म्हणाली होती, "आला बघ तुझा मालक, चेहरा तर बघ."

"चुकलं माझं," मी म्हणालो. बत्तीस वर्षांत हे वाक्य मी साहेबांना बरेचदा म्हणालो असेन. तिला पहिल्यांदाच म्हणत होतो.

"म्या हात केला," ती म्हणाली. "दोन बार केला. तुमी पत्र्यावर थाप मारत होता. ती थाप मला वळखू येती की." मग खोबरं चावत चावत तिनं सांगितलं, "थोडं रडले. या अक्कानं रा, कूर्चो म्हणून जवळ बसवलं. मग खोबरं खाल्लं."

मी आकड्याचं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती ऐकत होती, तोंडातलं खोबरं तसंच ठेवून. मला वाटलं आता पुन्हा डोळे भरतील. पण ती म्हणाली, "पासवाली का असंना, गाडीत बसायचा हक हाय का न्हाई मला?" आणि उठून साडी झटकली.

शहाळीवालीनं पैसे घेतले नाहीत. बायकोनं व्हॅनमधल्या पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली, आणि लाडूंचा डबाच्या डबा पोरीला देऊन टाकला. ते लाडू मला आवडतात.

व्हॅनमध्ये ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर हातानं दोनदा थोपटलं. मी बसलो. तिसऱ्या पॉइंटवर सगळ्यांनी टाळ्या वाजवून तिचं स्वागत केलं. मोजायचं काम गाईडबाईनं मुकाट्यानं स्वतःकडं घेतलं, घसा बसलेला असूनही. आता फक्त चौथा पॉइंट राहिला होता. टूरच्या कागदावर त्याचंच चित्र होतं. इकडं सूर्य पाचलाच मावळतो, तिथून तो थेट समुद्रात बुडताना दिसतो, आणि त्याच्यासाठीच लोक एवढ्या लांब येतात, असं गाईडबाई सकाळपासून सांगत होती.

मी बसून राहिलो. सुरुवातीला फार जड गेलं. ब्रेक लागला की उजवा हात आपोआप दांडीकडं जायचा. कुणी तरी बाटली पाडली, ती घरंगळत दारापर्यंत गेली, तरी उठलो नाही. बायको माझ्याकडं बघत नव्हती, पण गालात हसत होती एवढं दिसत होतं. खिडकीतून नारळाची झाडं मागं जात होती आणि मधूनमधून पाणी लकाकत होतं. सवारी होणं म्हणजे हे असं असतं, असं मनात आलं, तेवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती आणि आत अंधारून आलं होतं. माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं. चालत्या गाडीत मी जन्मात कधी झोपलो नव्हतो. बाहेर आमची माणसं पायवाटेनं परत येत होती, एकमेकांना मोबाइलमधले फोटो दाखवत, आणि भूगोलाच्या बाई सगळ्यात मोठ्यानं बोलत होत्या. व्हॅनमध्ये आम्ही दोघंच.

मी दचकून सरळ बसलो. "चौथा पॉइंट झाला? सूर्य बुडाला?"

"बुडाला असंल."

"म्हणजे? तू गेली नाहीस?"

"न्हाई."

"अगं, त्याच्यासाठी तर आलो होतो. मला उठवायचं तरी."

"सूर्य काय, देगलूरला बी बुडतोय," ती म्हणाली. "तुमी कवा शेजारी झोपताव गाडीत?"

तिच्या खांद्याला मुंग्या आल्या होत्या. हात वर होत नव्हता. धक्का येईपर्यंत मी तो चोळत बसलो.