मोरिता-सानचा शेवटचा बॉल

मोरिता-सानचा विषय निघाला की एका किश्श्यावर थांबत नाही. मी एक सांगतो, जोशीला दुसरा आठवतो आणि चहा गार होतो. वीस वर्षं होत आली, पण रविवारी त्या माणसाची आठवण येते म्हणजे येतेच!

आमचं जपानी कंपनीचं ऑफिस सिंगापूरमध्ये, पाया लेबारला. मी अकाउंट्सला, मोरिता-सान सेल्सला. दोन हजार चारच्या सुमारास त्याची टोकियोहून बदली झाली. हा माणूस पूर्वी जपानमध्ये प्रोफेशनल बेसबॉलचा पिचर होता, हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. मी लगेच त्याला क्लेमेंटीच्या आमच्या मराठी क्रिकेट टीममध्ये ओढला.

*

पहिल्या रविवारी त्यानं टोपी काढली आणि रिकाम्या मैदानाला वाकून नमस्कार केला. आम्ही मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून! महिन्याभरात आम्ही अकराही जण वाकायला लागलो. समोरच्या ब्लॉकमधल्या एका आंटीनं विचारलं, तुमचं देऊळ नक्की कुठलं?

*

त्याचा पहिला बॉल कुणाला दिसलाच नाही. बॅट्समन खाली बसला. पण कोपर वाकलेलं, म्हणून अंपायर जोशीनं नो-बॉल दिला. मोरिता-साननं जोशीची माफी मागितली, बॅट्समनची मागितली, माझीही मागितली.

मग रोज लंच टाइमला हा ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये हात सरळ ठेवून कचऱ्याच्या डब्यात कागदाचे बोळे टाकायचा. दोन महिन्यांनी त्यानं कुलकर्णीला क्लीन बोल्ड काढला.

कुलकर्णी पुण्याचा, बँकेत, पीआर म्हणजे इथला कायमचा रहिवासी होऊन सात वर्षं झालेली. आपण आउट झालो हे त्यानं जन्मात कबूल केलेलं नाही. स्टंपच्या जागी आम्ही प्लास्टिकचं स्टूल ठेवायचो. म्हणे, स्टूल वाऱ्यानं पडलं!

*

सोमवारी मोरिता-सानचा उजवा हात वर जायचा नाही. वरच्या कप्प्यातली फाइल मी काढून द्यायचो. एकदा हॉकर सेंटरमध्ये फिश सूप पिताना मी विचारलं, खेळ सुटला कसा?

तो म्हणाला, मोठा पिचर रिटायर होतो तेव्हा त्याला शेवटची मॅच देतात. समोरचा बॅटर मुद्दाम तीनदा हवेत बॅट फिरवतो आणि आउट होतो. मग फुलं, टाळ्या. हा मात्र बहुतेक वर्षं राखीव खेळाडूंच्या टीममध्ये, त्यात खांदा गेलेला. सीझन संपता संपता फोन आला, उद्या ऑफिसात या. दहा मिनिटांत सगळं संपलं.

“सूट घालून बोलावलं होतं,” तो म्हणाला. “युनिफॉर्म घालायला मिळाला नाही.”



*

तीन वर्षांनी त्याची परत टोकियोला बदली झाली. शेवटच्या रविवारी त्याला ती राहिलेली मॅच द्यायची, असं आम्ही ठरवलं. बॅटिंगला कुलकर्णी, कारण बेसबॉलच्या त्या कडक बॉलसमोर दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं. तीनदा हवेत बॅट फिरव, एवढंच काम.

“मुद्दाम आउट? मी? जमणार नाही,” कुलकर्णी म्हणाला. पण हेल्मेट घालून आला.

मोरिता-सान जुन्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये आला. पोटावर बटणं ताणलेली. मैदानाला वाकला. कोपर वाकवून, त्याच्या पद्धतीनं पहिला बॉल टाकला. जोशीनं नो-बॉल दिला नाही. कुलकर्णीची बॅट हवेत फिरली. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्या बॉलला मोरिता-साननं खांदा धरला, पण बॉल कीपरच्या ग्लोव्हजमध्ये आपटल्याचा आवाज ब्लॉकपर्यंत गेला. बॅट पुन्हा हवेतच.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मोरिता-साननं टोपी काढली आणि बराच वेळ वाकून राहिला. कुलकर्णी बॅट काखेत धरून बाहेर आला.

परत जाताना एमआरटी ट्रेनमध्ये मी कुलकर्णीच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, शाब्बास, छान केलंस.

तो खिडकीबाहेर बघत होता.

“मी काही केलं नाही रे,” कुलकर्णी म्हणाला. “तिन्ही वेळा मारायलाच गेलो होतो. आउट होतो मी.”