आमदारांच्या कपाळी गंध

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या फ्लॅटमध्ये सुलेखाच्या टेबलावर एक जुना फोटो असायचा. सायलस विदरबी. जन्म गुलामीतला, धंदा न्हाव्याचा, आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर थेट साउथ कॅरोलायनाच्या विधानसभेत! सगळ्यांच्या पोरांना सरकारी शाळा मिळावी म्हणून पठ्ठ्या तिथे भांडला. मग गोऱ्यांची बंदूकधारी टोळकी उठली, निवडणुका उधळल्या आणि आमदार परत वस्तरा घेऊन बसले. सुलेखाची पीएचडी याच माणसावर.

तोंडी परीक्षेच्या सरावाच्या वेळी प्रोफेसरबाईंनी विचारलं होतं, "शेवटी हाती काय लागलं त्याच्या?" सुलेखाची दातखीळच बसली. खऱ्या परीक्षेत त्या नेमकं हेच विचारणार, जर्मन म्हणतात तसं, गेनाऊ! आणि तिथे गप्प बसली की इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी.

छोट्या अन्वीला सांभाळायला सासूबाई, कुसुमताई, पुण्याहून आल्या होत्या. बाई खमकी. स्वतःची शाळा चौथीत सुटलेली. आमदारांच्या शाळेचं ऐकलं मात्र, म्हणाल्या, "आणि असा माणूस फोटोत कोरडाच ठेवलास होय गं?" तेव्हापासून रोज बाल्कनीतलं एक फूल फोटोला. सुलेखा मनातल्या मनात चरफडायची. संशोधन आहे की देव्हारा?

परीक्षेच्या सकाळी सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. सुलेखाने धीराला म्हणून फोटो पिशवीत टाकला आणि हायडेलबर्गची बस पकडली. तिथे टेबलावर मांडून बघते तर काय, आमदारांच्या कपाळी ठसठशीत गंध! तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हे काय?" प्रोफेसरबाईंनी चष्मा सावरला. "आणि माझा मागचा प्रश्न राहिलाय."

सुलेखाला फूल वाहणाऱ्या सासूबाई आठवल्या आणि जीभ सुटली. "आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या फोटोला गंध लावतात. माझ्या सासूबाईंना चौथीनंतर शाळा मिळाली नाही. शाळेसाठी भांडलेला माणूस त्यांना घरचा वाटला. त्याची खुर्ची गेली. शाळाही पुढे गोऱ्यांच्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या केल्या, पैशावाचून तडफडवल्या. पण बंद नाही करता आल्या कुणाला."

बाईंनी समाधानाने मान हलवली.

संध्याकाळी मित्रांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे बनवलेली डॉक्टरेटची पुठ्ठ्याची टोपी घालून सुलेखा घरी आली आणि सासूबाईंच्या पायाशी वाकली. "आई, तुमच्यामुळे झाले हो मी पास!" तिला रडू आवरेना.

"माझ्यामुळे कसली, वेडे?" सासूबाईंनी निकालाआधीच करून ठेवलेले पेढे पुढे केले. "आधी त्यांना ठेव."

सुलेखाने टोपी काढली, फोटोपुढे पेढा ठेवला आणि पहिल्यांदाच हात जोडले.