डाव्या हाताचा घुमारा

मी मुळात उतावळी. दोन छोटे स्पीकर आणि सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारा डबा, घरी आले, तेव्हा खोकं फोडायच्या आधीच मी केजला मामाला फोन लावला आणि रविवारी ये म्हणून सांगून मोकळी झाले.

मामा जन्मभर ढोलकी वाजवत आला. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि त्याचा डावा हात गेला. त्याच्या एका जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर होतं. ते लावलं की तो चिडायचा. "यात माझा उजवाच हात हाय. डावा कुठं गेला?" खरंच होतं ते. मोबाइलमधून ढोलकीची टणटण तेवढी यायची. डाव्या हाताचा घुमारा त्या चिमुकल्या स्पीकरला पेलतच नव्हता. तोच मला मामाला ऐकवायचा होता.

पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला. उरलेल्या जागेत माझा कारखाना. डबा ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, आवाज लावायचा आणि आपण जमिनीवर रांगायचं. घुमारा जिथे नीट ऐकू येईल, तिथे मग डबा ठेवायचा, असं मी एका व्हिडिओत पाहिलं होतं. मी रांगत असताना आई दारातून म्हणाली, "पोरगी हातची गेली." शुक्रवारी जमलं. गोल, भरीव, स्वच्छ आवाज. मी एकटीच नाचले.

शनिवारी दादांनी, माझ्या वडिलांनी, कापूस विकला.

टेम्पो गेला, खोली झाडली, रेकॉर्डिंग लावलं, तर नुसता गडगडाट. मांडणीवरची ताटं थरथरायला लागली. म्हणजे जादाचा घुमारा इतके दिवस तो ढीगच गिळत होता आणि मी आपली स्वतःची पाठ थोपटून घेत होते. दादांवर एवढी चिडले की ते चहा न पिताच शेतात गेले. मग घरातल्या सगळ्या गाद्या, गोधड्या भिंतीला उभ्या केल्या. फरक पडला, पण थोडाच.

रविवारी मामा आला. खोलीकडे बघून म्हणाला, "का गं माय, बिऱ्हाड हलवायलीस का?"

मी रेकॉर्डिंग लावलं. मामा ताठ बसला. मग त्यानं मान हलवली. "हा माझा हात न्हाई. एवढं बडवीत नव्हतो मी."

माझं तोंडच उतरलं. पण तो उठला. काठी टेकत डब्याजवळ जाऊन खाली बसला. उजव्या हातानं बटण कमी केलं, कान दिला. "कोपऱ्यातून वीतभर फुडं वढ." मी ओढला. पुन्हा बटण, अगदी केसभर. आणि टणटण आणि घुमारा एकमेकांत बसले. माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी खरंच खोलीत ढोलकी घेऊन बसलं होतं.

"आता आला," मामा म्हणाला.

त्यानं उजव्या हातानं आपला डावा हात उचलला, डब्यावर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तिथेच धरून बसला. मी आनंदानं रडत होते. त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

"परत लाव," तो म्हणाला.