खिडकीला बांधलेली कात्री

आमच्या लोणावळ्याच्या ऑफिसात कात्री एकच होती आणि ती भाऊंनी खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून ठेवली होती. कागद कापायचा तर माणसाने कात्रीपाशी जायचं, कात्री माणसापाशी येणार नाही. आधी कुणाचं चाललं असेल तर मुकाट्याने थांबायचं. भाऊ आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रामर, मूळचे कुरवंड्याचे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मनातल्या मनात चिक्कू ठरवून मोकळी झाले.

"दुसरी आणू का, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"आण की. मंग दोनी हरवत्याल. एकच हाय म्हणून सापडती."

तेव्हा पवनानगरच्या एका मावशींचं काम माझ्याकडे आलं होतं. धरणाकाठी त्यांचे बारा तंबू. मावशी, त्यांचा मुलगा आणि सून, तिघंही आपापल्या फोनवरून पाहुण्यांना तंबू द्यायचे. "सात नंबर मोकळा आहे का?" असं फोन आमच्या सर्व्हरला विचारणार आणि सर्व्हरमधला हँडलर, म्हणजे उत्तर देणारा कोडचा तुकडा, हो किंवा नाही सांगून तंबू नोंदवणार. तो हँडलर मी लिहिला. दहा वेळा तपासला, दहाही वेळा सात नंबरचा तंबू मला मिळाला. मी खूश! एकच तंबू दहा वेळा कसा मिळतोय, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही.

शनिवारी सकाळी मावशींचा फोन आला, तो भाऊंनी स्पीकरवर घेतला. "भाऊ, तुमचं मशिन लय उदार हाय बगा. सात नंबरपुढं तीन कुटुंबं बॅगा घिऊन हुबी हायेत. तिगांस्नीबी व्हय म्हणलंय त्यानं! सोमवारपत्तुर जमलं न्हाई तर ऱ्हाऊ द्या, मी आपली वही काढती."

कंपनीच्या मालकांनी मला आत बोलावून शांतपणे सांगितलं, की मावशी गेल्या तर मलाही जावं लागेल. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती.

भाऊंनी मात्र कोड उघडलंसुद्धा नाही. त्यांनी आम्हा बाकीच्या पाचही जणांना एकेक कोरा कागद दिला. "चहा सांगायचाय. आपापल्या कागदावर बगा. चहा सांगितल्याला दिसला न्हाई, तर टपरीवर सहा सांगा आन तसं लिवून ठिवा." कागद सगळ्यांचेच कोरे. पाचही जणांनी इमानदारीत सहा-सहा चहा सांगितले. टपरीवाला तीस चहा घेऊन जिना चढला तेव्हा त्याला वाटलं, इथे लग्न आहे.

भाऊंनी पहिला पेला माझ्यापुढे सरकवला. "पी. तुज्याच हँडलरचा चहा हाय."

तिसऱ्या पेल्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रश्न आला रे आला की माझा हँडलर तंबूंची स्वतःची नवी कोरी यादी तयार करायचा. कोऱ्या यादीत बाराही तंबू मोकळेच असणार. उत्तर दिलं की ती यादी कचऱ्यात. करायला हवं होतं ते असं, की सर्व्हर सुरू होताना यादीचं एकच ऑब्जेक्ट, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच यादी, बनवायचं, तेच प्रत्येक हँडलरच्या हाती द्यायचं आणि एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं.

"कात्रीसारखं?" मी विचारलं.

भाऊ गालातल्या गालात हसले. "आत्ता कळलं व्हय!"

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली. सोमवारी मावशी म्हणाल्या, "मशिन आता न्हाई म्हणाय शिकलं बगा." मावशी राहिल्या, मीही राहिले.

दोन वर्षांनी भाऊ निवृत्त होऊन कुरवंड्याला निघाले. निरोपाला आम्ही पाचही जणांनी एकमेकांना पत्ता न लागू देता भेटी आणल्या. त्यांनी पहिलं खोकं उघडलं, तर कात्री. दुसरं उघडलं, तर कात्री. पाचवं उघडताना त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"कोन काय आणतंय ह्येची यादी कुनी ठिवलीवती?"

कुणीच नाही.

"मंजी मी शिकिवलं ते समदं गेलं धरणात!"

हसता हसता मला रडू यायला लागलं. या माणसामुळे माझी नोकरी वाचली होती आणि उद्यापासून ते खिडकीपाशी दिसणार नव्हते. रडू लपवायला मी म्हणाले, "भाऊ, चार परत करू या. दुकान समोरच आहे."

"कुनाच्या चार?" भाऊ म्हणाले आणि पाचही कात्र्या पिशवीत टाकल्या.

परवा कुरवंड्याला गेले होते. भाऊंच्या पडवीत पाच कात्र्या पाच सुतळ्यांनी ओळीने टांगल्या आहेत. चिवड्याचं पाकीट फोडायला मी हाताशी आलेली कात्री उचलली, तर आतून भाऊ ओरडले,

"ती न्हवं! तुजी पल्याडची."