मुंजाजी सुतारानं अंगठा लावला नाही

झरीच्या मुंजाजी सुताराला अक्षरओळख नव्हती, पण बैलगाडीचं चाक बांधावं तर त्यानंच, असं पंचक्रोशी म्हणायची. १९४० साली परभणीच्या सरकारी हुनरशाळेत त्याला उस्ताद म्हणून नेमलं. हाताखाली बारा पोरं. दोन वर्षांत गाडीकाम शिकवायचं, मग सरकार सनद देणार.

पण शाळेचा प्रमुख, मोहतमीम, पोरांना चाकाला हात लावू देईना. आज कुण्या अंमलदाराचा पलंग, उद्या त्याच्या मेव्हण्याच्या घराची दारं. पोरं दोन वर्षं नुसता रंधा मारत राहिली. मुंजाजी तीनदा बोलला, तिन्ही वेळा त्याला गप्प बसवलं.

मग हैदराबादेहून तपासणीचे साहेब आले. मोहतमिमानं बाजारातलं चाक मधोमध मांडलं आणि मुंजाजीपुढं कागद सरकवला.

"काय लिवलंय?"

"बाराही पोरं तयार झाली. अंगठा लाव."

"न्हाई लावत."

साहेबांनी मान वर केली. "का?"

"हे चाक इकत आणलंय, साहेब. ह्या पोरांना अजून चाकात आरा बसवता येत न्हाई. उद्या गाडी मोडून माणूस मेला, तर तुमचा कागद कामाला येणार हाय का?"

साहेबांनी चाकाकडं पाहिलं, मोहतमिमाकडं पाहिलं. "दुसऱ्या कुणाचा अंगठा घ्या," म्हणाले आणि जेवायला उठले.

संध्याकाळी मुंजाजीची नोकरी गेली.

"अंगठाच तर लावायचा व्हता," बायको कोंडाबाई चिडून म्हणाली.

"लावला असता तर लबाडी माझी झाली असती."

आठवड्यानं बारातली पाच पोरं झरीला येऊन थडकली. भुजंग त्यांच्यात थोरला. "काका, सनद मिळाली. आता काम शिकवा," तो म्हणाला. मुंजाजीनं अंगणातच काम मांडलं.

दोन महिन्यांनी पोलिसांचा अमीन दारात आला. "बिनपरवानगी शाळा चालवायलास?"

"अंगण माझं, लाकूड माझं. परवानगी कुणाची मागू?"

अमीनानं हत्यारं जप्त केली आणि मुंजाजीला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. त्या दोन दिवसांत कोंडाबाई घरोघर फिरली, कुणाचा वाकस, कुणाची पटाशी मागून आणली. मुंजाजी परतला तेव्हा पोरं बाभळीचं लाकूड तासत होती. तो सदरा काढून कामाला बसला.

भुजंगचं पहिलं चाक त्यानं हातोडीनं ठोकून पाहिलं आणि फोडायला लावलं. दुसरंही फोडलं. तिसरं गाडीला चढवलं.

अमीन पुढंही दोनदा येऊन गेला. पोरं मान वर न करता आरे तासत राहिली.